सपाट रेघ

"अप्पा, हलू नका हं. अजिबात म्हणजे अजिबात नाही."

अप्पा पलंगावर सरळ झाले. सगळा जन्म शाळेत कवायत शिकवण्यात गेलेला. 'सावधान' म्हटलं की पोरांची पापणीसुद्धा लवू द्यायचे नाहीत. आता सदरा उघडा टाकून स्वतःच सावधान! मुलाला त्या बरगड्यांकडे बघवेना. कंपनीतल्या साहेबांना त्यानं सांगितलं होतं, "चाचणीसाठी घरी एक सब्जेक्ट आहे माझ्याकडे." वडील आहेत म्हणायला त्याची जीभ रेटली नव्हती, आणि ते त्याला सकाळपासून खात होतं.

पलंगाशी स्टँडवर त्यानं बनवलेला अँटेना होता, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याच्या लहरी छातीवर आपटून परत येत आणि लॅपटॉपवर श्वासाची रेघ वरखाली व्हायची. अंगाला वायर नाही की काही नाही. फक्त घरोघरचं वायफाय मध्ये लुडबुड करी. तेवढ्याच लहरींचा पट्टा अडवायला त्यानं अँटेनाच्या तांब्याच्या पत्र्यात घोड्याच्या नालासारखी बारीक चीर पाडली होती. चीर वाढवली की अडणारा पट्टा खाली सरकतो. उद्या हॉस्पिटलवाले कंपनीत बघायला येणार होते आणि चालणारा नमुना एवढा एकच.

रेघ सपाट आली.

"वायफाय घुसतंय," तो चरफडला. गोंगाट वाढला की यंत्र हात टेकायचं आणि सपाट रेघ काढून मोकळं व्हायचं. भिंग लावून त्यानं ब्लेडनं चीर केसभर वाढवली. पुन्हा सपाट. आणखी केसभर. तरी सपाटच.

"अहो, वायफाय बंद करून एकदा बघा ना," बायको दारातून म्हणाली.

"मग टेस्ट कसली, डोंबलाची?" तो खेकसला आणि अप्पांकडे वळला. "हललात ना तुम्ही?"

"नाही रे बाबा."

"नुसतं पडून तर राहायचंय! एवढंही जमू नये?"

अप्पांनी सदरा आणखी बाजूला सारला. मग हळूच म्हणाले, "परत घे."

या खेपेला त्याची नजर चुकून त्यांच्या चेहऱ्यावर गेली. चेहरा लाल, ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या.

"अप्पा! श्वास रोखलाय तुम्ही?"

अप्पांनी श्वास सोडला आणि खोकल्याची उबळच आली. बायको पाणी घेऊन धावली. "तूच म्हणालास ना, हलायचं नाही," ते धापा टाकत म्हणाले. "श्वास घेतला की छाती हलते रे. तू त्या पत्र्यात डोकं घातलंस की घ्यायचो एखादा, चोरून."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहरींचं सगळं गणित मांडलं आणि 'श्वास मात्र घ्या' एवढं सांगायचं राहिलं! चीर आता हवी त्याहून लांब झाली होती, वायफायला रान मोकळं. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. म्हाताऱ्या बापाचा दम कोंडला होता आणि आपण त्यालाच झापत होतो, याची मात्र इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"बिघडलं का रे?"

"माझ्यामुळे बिघडलं, अप्पा. तुमचं काही नाही त्यात."

अप्पांना ते पटलेलं दिसलं नाही. कोपरावर भार देत ते उठून बसले आणि दाराकडे बघून म्हणाले, "सूनबाई, माझा इस्त्रीचा सदरा काढून ठेव गं. उद्या याच्या साहेबांना भेटून येतो. चूक माझी होती म्हणून सांगतो."