मालकिणीची अट

ज्योतीबाईंनी फोन शेवेच्या डब्याला टेकवून उभा केला. तो घसरला, म्हणून पुढे खलबत्ता लावला, पदराने चेहरा पुसला आणि समोरच्या वहीत पंधराव्या खोलीवर काट मारली. त्या मालकाचं उत्तर सकाळीच आलं होतं. खोली रिकामी आहे, पण साठीच्या बाईला देता येणार नाही. तुम्ही आजारी पडलात तर बघायचं कोणी?

"आई, आज शुक्रवार," आतल्या खोलीतून तेजस म्हणाला. त्याचं ऑफिस घरूनच चालायचं. "उद्यापर्यंत राहण्याचा पत्ता कळवला नाही तर वर्गातली तुझी जागा दुसऱ्याला जाईल. मग काय करणार?"

"मग पिंप्राळ्यातच राहीन. कुठं पळून चाललाय पिंप्राळा."

धरणगावच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून ज्योतीबाई निवृत्त झाल्या होत्या. यजमान जाऊन पाच वर्षं झालेली. या वयात बायका गुडघे सांभाळतात आणि देवदेव करतात. यांनी इंडोनेशियन भाषा धरली. निमित्त एका शब्दाचं. कुठल्याशा कार्यक्रमात तिकडच्या माणसाने डोक्याला ‘कपाला’ म्हटलेलं ऐकलं आणि मराठीच्या बाई हुरळून गेल्या. आपलं कपाळ एवढ्या लांब जाऊन बसलं? मग गुरू, भाषा, पुत्री असे एकेक ओळखीचे भेटत गेले. दोन वर्षं फोनवर शिकवणी झाली, आणि आता योग्यकार्ता नावाच्या गावी वर्षभराचा वर्ग मिळाला होता. नातेवाइकांनी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवला. भुसावळच्या नणंदेने तेवढं विचारलं, "तिथं कोण आहे आपलं?" कोणी नाही म्हटल्यावर ती बराच वेळ चहा ढवळत राहिली.

वर्ग मिळाला, पण डोक्यावर छप्पर मिळेना. हॉटेल पेन्शनीत बसत नव्हतं. महिन्याने मिळणाऱ्या खोल्या स्वस्त होत्या, पण त्यांच्या पाटीवर ‘पुत्री’ लिहिलेलं असे, म्हणजे फक्त मुलींसाठी. आपणही कुणाची पुत्रीच की, असं म्हणून ज्योतीबाईंनी सुरुवातीला उत्साहाने पत्रं लिहिली. मालकांना विशीतल्या पुत्री हव्या होत्या. महिनाभर नकार वाचून वाचून बाई इतक्या शिणल्या होत्या, की आजची सोळावी खोलीही गेली तर निदान दुपारी निवांत झोपता येईल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मग स्वतःचाच राग आला. आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

फोन वाजला. समोर ऐंशीच्या घरातली एक बाई दिसली. पांढरे केस घट्ट बांधलेले, दात पुढचे दोनच. इबू सुमिनी. तिकडे वडीलधाऱ्या बाईला इबू म्हणतात. इबू म्हणजे आईच.

इबूंनी वय विचारलं नाही. फोन हातात धरून खोली दाखवली. तळमजला, शेजारीच न्हाणी, खिडकीत केळीचं झाड. जळगावच्या बाईला परदेशात जाऊन पुन्हा केळच बघायची, याचं ज्योतीबाईंना हसू आलं. भाडं परवडणारं होतं. शाळा चालत दहा मिनिटांवर.

"पण माझी एक अट आहे," इबू सावकाश इंडोनेशियनमध्ये म्हणाल्या. "आधीच्या तीन मुली त्या अटीपायीच गेल्या."

"सांगा, इबू."

"इंडोनेशियन तुम्ही शाळेत शिकाल. माझ्या घरात ती बोलायची नाही. घरात आमची जावानीज, या बेटाची भाषा. तुम्हाला कळणार नाही, ठाऊक आहे. हातवारे करू. पण परक्या भाषेत जेवायला वाढायचा मला आता कंटाळा आलाय."

ज्या भाषेसाठी एवढा खटाटोप, तीच संध्याकाळी घरात नाही. मग सराव कोणाशी करायचा? वर्षातलं अर्धं शिक्षण इथंच बुडालं. नम्रपणे नाही कसं म्हणायचं, ते वाक्य ज्योतीबाई मनात जुळवू लागल्या.

"मुलगा-सून राजधानीत असतात," इबू बोलतच होत्या. "नातवंडांना आमची भाषा शिकवली नाही. शाळेत मागे पडतील म्हणे. ती आली की मी बसून असते. सगळे म्हणतात, आजी किती शांत आहे."

ज्योतीबाईंचं जुळवलेलं वाक्य तिथंच विस्कटलं.

त्यांची आई, सुगंधाबाई, साक्रीकडचं घर बंद करून याच घरात राहायला आली होती. तेजस तेव्हा चार वर्षांचा. पहिल्याच दिवशी तिने त्याला आपल्या गावच्या बोलीत हाक मारली, "ये रे भाऊ, जेवी ले." आणि ज्योतीबाई म्हणाल्या होत्या, "आई, पोरासमोर नीट बोलत जा. त्याच्या तोंडात तेच बसेल." आई पुन्हा तसं बोलली नाही. ‘नीट’ बोलणं तिला येत नव्हतं, म्हणून ती मान हलवायची, नाहीतर हसायची. अशी नऊ वर्षं. येणारे-जाणारे म्हणायचे, तुमच्या आई किती शांत आहेत हो. ज्योतीबाई ते कौतुक म्हणून घ्यायच्या. गावात हीच बाई विहिरीवर बोलायला लागली की चार घरांना ऐकू जायचं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

त्यांना लाज वाटली. जिचं ऐकायचं होतं ती आई जाऊन सतरा वर्षं झाली होती.

"ऐकू येतंय ना?" इबूंनी विचारलं. "नको असेल तर तसं सांगा. मला राग येणार नाही."

ज्योतीबाईंनी तोंड उघडलं. दोन वर्षं घोकलेली इंडोनेशियन आली नाही, आणि एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलेली मराठीही आली नाही.

"येसू," त्या म्हणाल्या. "मी येसू, माय."

इबूंना शब्द कळला नाही. पण समोरची बाई मान हलवते आहे, डोळे पुसते आहे, एवढं दिसत होतं. त्या दोन दात दाखवून हसल्या आणि आपल्या भाषेत भरभर काहीतरी बोलत सुटल्या. ज्योतीबाईंना त्यातलं अक्षरही समजलं नाही. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

फोन बंद झाला तसा तेजस पाण्याची बाटली भरायला बाहेर आला.

"मिळाली वाटतं जागा?" तो म्हणाला. "आतून ऐकत होतो. त्यांची भाषा छान जमायला लागली की तुला. शेवटी काय म्हणालीस?"

ज्योतीबाईंनी वही मिटली.

"येते म्हटलं," त्या म्हणाल्या.