बोलोन्यातला कोपरा

व्हिसाच्या खिडकीमागच्या बाईंनी आमचा प्रवासाचा कागद काचेला टेकवला आणि विचारलं, "शुभा कोण?"

शुभा ही परीक्षितच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, ऑफिसातल्या उल्हासची बायको. जर्सी सिटीतल्या आमच्या मराठी मंडळींत इटलीच्या व्हिसासाठी एक तयार फाइल फिरते: रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, सात दिवस. आपली नावं घालायची आणि प्रिंट काढायची. परीक्षितनं पहिल्या पानावर माझं नाव घातलं होतं. दुसऱ्या पानावर तो शुभाला घेऊन व्हेनिसला निघाला होता.

"मित्राची बायको," तो म्हणाला. बाई हसल्या नाहीत.

"तिकिटं बोलोन्याची आहेत. यात बोलोन्या कुठेच नाही."

कुठून असणार? माझी बोलोन्याची यादी महिनाभर फ्रिजवर लटकत होती आणि हा रोज तिच्यासमोरून दूध काढत होता. संताप आला मला. शनिवारी विमान होतं आणि मला जायचंच होतं. पुण्यात मी आर्किटेक्ट होते; इथे नवऱ्याच्या व्हिसावर, नोकरीची परवानगी नसल्यानं, चार वर्षं घरात बसले होते. एक गोष्ट त्याला सांगायची होती. तोंड उघडलं की म्हणायचा, "ग्रीन कार्ड होऊ दे, मग बोलू." म्हणून मी बोलोन्या निवडलं होतं.

"बोलोन्यात काय बघणार?" बाईंनी नेमकं त्यालाच विचारलं.

"चर्च," परीक्षित म्हणाला.

त्यांनी कागद परत सरकवला. "दोनला खिडकी बंद होते. स्वतः लिहून आणा. नाहीतर अर्ज नामंजूर."

दीड वाजला होता. आम्ही बाहेर भिंतीलगतच्या बाकावर बसलो. त्यानं शुभाचा कागद उलटा केला.

"सांग, नेत्रा. फास्ट."

"विया पियेल्ला नावाची गल्ली. तिथे भिंतीत एक छोटी खिडकी आहे. उघडली की मागे कालवा दिसतो."

"नेक्स्ट?"

"एका जुन्या घराच्या लाकडी छतात तीन बाण रुतलेत. मान वर केली तरच दिसतात."

तो भराभर लिहीत होता. "अजून?"

"मोठ्या चौकाशेजारी एक कमान आहे. तिच्या एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून कुजबुजलं की समोरच्या कोपऱ्यातल्याला स्पष्ट ऐकू येतं. मधल्या माणसांना नाही."

त्याचं पेन थांबलं. "तिथे कशाला जायचंय?"

"तुला काहीतरी सांगायला."

"इथे सांग ना."

"तुझ्या तोंडाकडे बघून जमत नाही. तू लगेच घड्याळ बघतोस."

आत्ताही त्याची नजर मनगटाकडे गेली. पावणेदोन. तेवढ्यात त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाकावर वळून बसला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"बोल," तो भिंतीला म्हणाला.

मीही वळले. आमचे खांदे एकमेकांना टेकले. रस्त्यावर टॅक्सीवाले हॉर्न मारत होते.

"मला पुण्याला परत जायचंय. तू आलास तर तुझ्याबरोबर. नाही आलास तरी."

त्याचा श्वास माझ्या खांद्याला कळत होता.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"चार वर्षं."

दोन वाजून गेले तेव्हा तो कागद आमच्या दोघांच्या मध्ये बाकावरच होता.