दुप्पट व्हिनेगर

“फडक्याला हात लावू नकोस! पिळलंस की रस गढूळ होतो. किती वेळा सांगायचं?”

मी पिळत नव्हते. सैल झालेली गाठ आवळत होते. पण जाऊबाईंच्या राज्यात खुलासा करायची सोय नव्हती. सफरचंदं आणि पुदिना शिजवून फडक्यात बांधायचा, फडकं टांगायचं आणि रस आपोआप थेंब थेंब गळू द्यायचा. मग साखर आणि व्हिनेगर घालून आटवलं की झाली जेली. भाजलेल्या मटणाबरोबर आमच्या घरात ती लागतेच, आणि ती जाऊबाईच करतात. अठरा वर्षं मी नुसता पुदिना निवडत आले.

गेल्या आठवड्यात मात्र त्या करपलेल्या दुधाचा चहा मिटक्या मारत प्यायल्या. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. खरं सांगते, मला आनंदच झाला.

आज रस उकळायला लागला आणि त्या कपडे वाळत घालायला गेल्या. त्यांनी घातलं होतं तेवढंच व्हिनेगर मी पुन्हा पातेल्यात ओतलं, पळी फिरवली आणि साळसूदपणे ओटा पुसत उभी राहिले.

त्या आल्या. गार बशीवर थेंब टाकून बोटानं ढकलला. वर सुरकुती पडली तसं बोट चाटलं.

“जमली,” म्हणाल्या. “बरण्या पूस. नीट पूस, नेहमीसारखं उरकू नकोस.”

मी अगदी नीट पुसल्या.

दुपारी चौघं जेवायला बसलो. पहिला घास मीच घेतला. आंबट अगदी कानांपर्यंत गेलं, पण चेहऱ्यावरची रेष हलू दिली नाही. मग भाऊजींनी खाल्लं आणि डोळे गच्च मिटले. माझ्या नवऱ्याला ठसका लागला.

“वहिनी, काय घातलंय यात?”

“कुठं काय? नेहमीसारखीच तर आहे.” जाऊबाईंनी चमचाभर जेली नुसतीच तोंडात टाकली आणि शांतपणे गिळली.

“दुप्पट व्हिनेगर आहे त्यात,” मी म्हणाले. “मी घातलंय. वहिनींना चवच कळत नाही, हे एकदाचं सगळ्यांना दिसू दे. आता स्वयंपाकघर माझ्याकडे द्या.”

“लाज आहे का तुला काही?” नवरा ओरडला.

भाऊजी मात्र बायकोकडे बघत होते. “खरं आहे का गं?”

जाऊबाईंनी चमचा खाली ठेवला. “तापातून उठले तेव्हापासून. आठ महिने झाले.”

“मग रोजचा स्वयंपाक कसा करतेस?”

“मापानं. आणि हिचं तोंड बघून.” त्यांनी माझ्याकडे बोट केलं. “तुम्ही दोघं पुढ्यात येईल ते गिळता. हिला माझ्या हातचं आवडलं नाही की पहिल्याच घासाला तोंड वाकडं होतं. मग दुसऱ्या दिवशी तेवढं सुधारायचं. आज हिनं नीट खाल्लं. मला वाटलं, चांगली झालीय.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माघार घेईन तर मी कसली! “उद्यापासून मी करीन,” एवढं म्हटलं आणि सगळ्या बरण्या मोरीत रिकाम्या केल्या.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाक मी केला. जाऊबाई हाक मारल्यावर आल्या आणि पाहुण्यासारख्या बसल्या. कुणाकडे बघितलं नाही, कशाला नावं ठेवली नाहीत. ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं.

“छान झालं होतं,” म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

भाऊजी आणि नवराही मुकाट्यानं जेवून उठले. सगळ्यांचं झाल्यावर मी माझं वाढून घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला.

मीठ घालायचंच राहिलं होतं.