टाचेखालची मेथी

नाथाजी सुभेदाराला कुणी शिकवलेलं खपत नसे. चोवीस वर्षं फौज, त्यानंतर बारा वर्षं ऊस. दोन्हीकडं माणूस सरळ ओळीत चालायला शिकतो आणि मग त्याला वाटायला लागतं की सगळं जगच ओळीत उगवतं.

आष्ट्याजवळचं त्याचं गाव म्हणजे उंबऱ्याला ऊस. पाटाला पाणी, विहिरीला पाणी, आणि कोथिंबिरीची काडी मात्र बाजारातून. वीस एकरांचा मालक जावळासारखी पातळ जुडी पिशवीतून मिरवत आणतो. लाज वाटायला पाहिजे होती. पण लाजेला कारखाना भाव देत नाही, म्हणून तीही गावात कुणी लावली नाही.

सुभेदाराची बायको शालूबाई लेकीच्या, संयोगिताच्या बाळंतपणाला पुण्यात जाऊन बसली होती. मुलगी झाली. नात आठ दिवसांची झाली आणि शालूबाईचा फोन आला.

"आवं, सव्वा महिना झाला की संयोगिताला घिऊन यावं म्हणते. पर बाळंतिणीला मी बाजारची फवारलेली भाजी घालणार न्हाई. दारात मेथी-शेपू उगवली तर येतो. न्हाईतर पोरगी हितनं सरळ सासरी, आटपाडीला. तिच्या सासूनं परड्यात समदं लावलंय."

आटपाडी! जिथं टँकरची वाट बघण्यात लोकांचे जन्म गेले, तिथं भाजी उगवते आणि इथं नाही? हे सुभेदाराला गोळीसारखं लागलं.

"येडी का खुळी तू? एकरी ऐंशी टन काढतो मी. मूठभर मेथीचं काय घिऊन बसलीस?"

नात त्यानं अजून फोनच्या काचेतच बघितली होती. एवढीशी, तांबडी, कायम कुणावर तरी चिडलेली. घराण्याची होती यात शंका नव्हती. ती आधी आटपाडीला गेली असती तर सुभेदाराला गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

दुसऱ्याच दिवशी त्यानं बियांची पाकिटं आणली. किती खोल टाकायचं ते पाकिटावर छापलेलं होतं. पण पाकीट वाचायचं म्हणजे कमीपणा. त्यानं परसात खोऱ्यानं सरी ओढली, चांगली वीतभर खोल. सरीत पाणी सोडलं, चिखल केला आणि उसाच्या ओल्या लागणीत कांडी दाबतात तसं मेथीचं बी टाकून टाचेनं दाबत गेला. टाच, पाऊल, टाच, पाऊल. शेपूचं बी तर तळपायालाच चिकटून अर्धं घरात आलं. उरलेलं त्यानं निम्मा वरंबा फोडून झाकलं आणि मिशीवरनं हात फिरवला.

चार दिवस गेले, काही नाही. आठ दिवस, दहा दिवस. परसात नुसती भेगाळलेली माती.

"दाखवा बघू," शालूबाईनं व्हिडिओ कॉलवर विचारलं.

सुभेदारानं फोन घेतला, कुंपणाकडं गेला आणि पलीकडची मेथी दाखवली. हिरवीगार, वीतभर.

"आवं, ही मेहरूनबीची हाय! तिची शेळी दिसतीय मागं."

"शेळी आपल्यात आलीया."

"आन कुंपण बी आपल्यात आलंय व्हय?" मागनं लेकीचं हसणं ऐकू आलं. "खोटं नगा बोलू. जावा, तिलाच इचारा."

मेहरूनबी शेजारीण. दीड गुंठ्यात भाजी काढून आष्ट्याच्या बाजारात बसणारी. सुभेदार आजवर तिला दुरूनच रामराम करत आलेला. आता कुंपणाशी उभा राहून तो बराच वेळ खाकरला.

"भाबी, बी खराब लागलं बघा."

"बी खराब?" ती कुंपण ओलांडूनच आली. बसली, खुरप्यानं माती उकरायला लागली. उकरता उकरता वीतभर खाली पांढरे दोरे सापडले, वाकडे होऊन कुजलेले. तिनं एक उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "उगवलं हुतं की, सुभेदार. वर यायला दम पुरला न्हाई. एवढ्याशा जिवाच्या पोटात शिदोरी ती किती? ऊस हाय व्हय त्यो?"

सुभेदार तो दोरा नखानं सरळ करून बघायला लागला.

"बी जेवढं जाड, तेच्या दुप्पट माती. भोपळ्याला बोटाचं एक पेर. मेथीला नखभर. शेपूवर तर माती टाकायचीच न्हाई, नुसता हात फिरवायचा आन वर ओलं गोणपाट. पाणी झारीनं. पाट सोडला तर माझ्या बाजारात भेटंल तुमची मेथी, व्हावून आलेली."

तिनं वाफे करून नव्यानं बी टाकून घेतलं आणि जाताना त्याचं खोरं काढून घेतलं. "ह्ये माझ्याकडं ऱ्हाऊ दे. हातात असलं की तुमचा हात वळवळतोय."

खोरं नेलं, पण हात इथंच राहिले होते. दुसऱ्या दिवशी सुभेदारानं गोणपाट उचलून बघितलं तर शेपूचं बी उघडंच. उघड्यावर पडलेलं बी बघवेना. पोरं उघडी झोपली की पांघरूण घालतो ना माणूस? त्यानं ओंजळ ओंजळ माती घातली आणि वरनं तळहातानं थापटून टाकली.

चौथ्या दिवशी मेथीनं मान वर काढली. सगळ्या वाफ्यात दुहेरी पानं. सुभेदार सकाळपासनं सातदा बघून आला. शेपू मात्र दहा दिवसांनीही ढिम्म.

"शेपू?" शालूबाईनं फोनवर विचारलं. मेथी तिनं नीट बघून घेतली होती.

शेपूला वेळ लागतो म्हणून वेळ मारून नेता आली असती. तोंडापर्यंत आलंही. पण काचेत नात जांभई देत होती.

"शेपू मी गाडला," तो म्हणाला. "भाबीनं माती नगं म्हटलं हुतं. म्या घातली."

तिकडं शालूबाईनं लेकीकडं तोंड फिरवलं. "छत्तीस वर्सं झाली लग्नाला, चुकलो म्हणून पयल्यांदा ऐकतीया," ती लेकीला म्हणाली. मग फोनकडं तोंड करून, "मेहरूनकडं शेपू हाय का इचारा. असंल तर बेस्तरवारी येतो."

मेहरूनबी कुंपणाशीच कान देऊन होती. "हाय की! लागंल तेवढा न्या. पर मी इकत न्हाई द्यायची. सुभेदारानं डेअरीवर जाऊन सांगायचं, बी टाचेनं गाडलं म्हणून. बाया चुकल्या की गावभर हुतंय. गड्यांचं का व्हईना?"

गुरुवारी सकाळी सुभेदार दूध घालायला डेअरीवर गेला. कॅन लावून सात-आठ जण उभे होते, सगळे उसवाले, सगळे पांढऱ्या टोपीतले. त्यानं छाती पुढं काढली आणि हजेरी दिल्यासारखं सांगून टाकलं. मेथी, टाच, शेपू, पांढरे दोरे, सगळं.

हसतील म्हणून तो वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही. चौदा एकरांचा गुंडा पाटील पुढं सरकला, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, "मंग किती खोल घालायचं रं, गड्या? आमच्यातली कोथमीर तीन वर्सं उगवंना झालीया."

"भेंडीला किती?" मागनं दुसरा.

सुभेदारानं करंगळी वर केली. नखाला बोट लावून मेथी दाखवली, पेराला लावून भोपळा. एकानं धणे सबंध टाकतो म्हटलं तेव्हा तो भडकलाच. "सबंध? चपलेखाली रगडून दोन फोडी करायच्या आधी, येवढं बी कळत न्हाई?" कालच मेहरूनबीनं सांगितलेलं, पण आव असा, जसं काही त्याला जन्मापासनं ठाऊक होतं.

रस्त्यावर गाडीनं दोनदा हॉर्न वाजवला. त्यानं हातानंच थांबायची खूण केली; भेंडी अजून व्हायची होती. मग गाडीची काच खाली झाली.

"आवं!" शालूबाई ओरडली. "नातीला बघताय, का आमी आटपाडीचा रस्ता धरू?"