तीन पत्त्यांचे सोळा

आमच्या रीनो गावात त्या काळी जुगाराच्या क्लबांत पत्ते वाटायला बायकाच जास्त असत. पांढरा ब्लाउज, काळा स्कर्ट, वर बिनखिशाचा एप्रन. खिसा मुद्दामच नसे. टेबल सोडताना दोन्ही तळवे एकदा वाजवायचे आणि उलटसुलट करून दाखवायचे, म्हणजे हातात काही दडवलेलं नाही हे वरच्यांना कळे. वरचे म्हणजे छतातले. छताला लावलेले आरसे खालून नुसते आरसेच दिसत, पण त्यांच्यामागे फळ्या टाकलेल्या होत्या आणि त्यांवर पालथी पडून माणसं आमच्या बोटांवर नजर ठेवत. मी आता ऐंशीच्या पुढे गेले, तरी डोक्यावर कुठे आरसा असला की माझे हात आपोआप टेबलावर येतात.

माझा धाकटा भाऊ लायल तेव्हा माझ्याकडे राहायचा, मोटारींच्या गॅरेजात कामाला होता. ब्लॅकजॅकला आम्ही गावातली माणसं एकवीसच म्हणायचो. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की मेलात. त्या एकवीसवर कुणा गणिताच्या मास्तरानं लिहिलेलं पुस्तक लायलच्या हाती लागलं. तुमच्या हातात काय, वाटणाऱ्यासमोर काय, त्यावरून पत्ता मागायचा की थांबायचं, सगळं तक्त्यात मांडलेलं. रोज जेवण झालं की बटाट्याच्या बशा बाजूला सारून तो मला पत्ते वाटायला बसवी.

"सांग, नेवा. मला सोळा, तुझी दश्शी. काय करू?"

"काय करशील, हरशील."

"हरेन, पण कमी हरेन. पत्ता मागायचा. आणि तेच सोळा तीन पत्त्यांचे असले, त्यात चौकी नाहीतर पंजी असली, तर थांबायचं. कारण मला उपयोगी पडणारं लहान पान माझ्याच हातात येऊन बसलेलं असतं."

"कमी हरायला पुस्तक कशाला लागतं रे? घरी बस, काहीच हरणार नाहीस."

"तू क्लबचं मीठ खातेस, तू असंच बोलणार."

मी त्याच्याकडून एकच वचन घेतलं होतं. खेळायचं तर दुसरीकडे खेळ, मी असताना आमच्या क्लबात पाऊल टाकू नकोस. त्याला कारण होतं. मागच्या जिन्याखाली एक खोली होती. आमच्यातला एक वाटणारा, फर्मिन नावाचा, गिऱ्हाइकाला इशारे करतो असा संशय आला म्हणून त्याला तिथे बोलावलं होतं. तो पुढे नदीपलीकडच्या खानावळीत भांडी घासायला राहिला. त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नसत. त्यानं खरंच इशारे केले होते का, हे कुणी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी माझ्याबरोबर वाटणाऱ्या डोरीनचं मूल तापानं फणफणलं म्हणून तिची सकाळची पाळी मी घेतली. लायल त्याआधीच घराबाहेर पडलेला. मी घरी आहे असं समजून तो सरळ आमच्या क्लबात आला, कारण आमच्याकडे पत्त्यांच्या एकाच जोडानं खेळ चाले आणि पुस्तकात तसंच टेबल शोधायला सांगितलं होतं. सकाळी एकवीसचं एकच टेबल उघडं असे. माझं.

मला बघून तो खुर्चीवर अर्धा टेकला आणि तसाच राहिला. मी एकही पत्ता वाटला नाही. नियम होता तसा हात वर केला आणि टेबलांवरचे मुकादम मिस्टर प्रुइट आले, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा माझा भाऊ आहे. याला मी वाटू शकत नाही."

प्रुइट हळू बोलायचे. आवाज चढवताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी लायलकडे पाहिलं, त्याच्या शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या पुस्तकाकडे पाहिलं.

"अभ्यास करून आलास वाटतं?"

"मी जातो, साहेब. चुकून आलो."

"बस रे. आलास तर खेळून जा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाट गं. मला बघायचंय."

त्यांनी मागच्या फोनचा रिसीव्हर उचलला, दोनच शब्द बोलले आणि ठेवला. माझ्या डोक्यावर फळी करकरली. मग ते माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले, इतके जवळ की त्यांच्या तोंडातल्या लवंगेचा वास मला येत होता.

मी वाटू लागले. लायलनं चांदीचे डॉलर पुढे सारले. सुरुवातीचे डाव कसे गेले ते मला आठवत नाही. मला आठवतो तो राजा, इस्पिकचा, माझ्यासमोर उताणा पडलेला. असं मोठं पान पडलं की खालच्या पालथ्या पत्त्याचा कोपरा उचलून तो लगेच एकवीस करणारा एक्का आहे का, हे वाटणारीनं बघायचं, असा आमच्याकडे रिवाज. मी कोपरा उचलला. पंजी. राजाचे दहा धरून माझे पंधरा. सतरा होईपर्यंत मला पत्ता घ्यावाच लागणार होता.

लायलकडे नव्वी आणि तिर्री. त्यानं पत्त्यांची कड टेबलाच्या कापडावर खरवडली, म्हणजे आणखी एक हवा. चौकी आली. तीन पत्त्यांचे सोळा. गावातला कुठलाही माणूस समोर राजा असताना सोळावर थांबत नसे. लायलनं पत्ते डॉलरच्या राशीखाली सरकवले. थांबला.

मी पालथा पत्ता उलटला, पुढचं पान घेतलं. अठ्ठी. तेवीस. मी मेले, तो जिंकला. ती अठ्ठी त्यानं घेतली असती तर तो मेला असता.

"वा," प्रुइट माझ्या कानाशी म्हणाले. "खालचं पान बघितल्यासारखाच खेळला की."

"पुस्तकात तसंच आहे," लायल म्हणाला. त्याच्या ओठांना रंग नव्हता.

"पुस्तकात आहे की बहिणीच्या भुवईत आहे, तेवढंच बघतोय मी. रास वाढव. जिंकणारा माणूस रास वाढवतो."

माझ्या जागी वाटायला उभी राहणारी मुलगी एव्हाना यायला हवी होती. ती यायची, खांद्यावर टिचकी मारायची, मग आम्ही तळवे दाखवून बाजूला व्हायचो. ती लांब खांबापाशी उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. तिला थांबायला सांगितलं होतं. जिन्याकडच्या दारात दोन माणसं येऊन उभी राहिली होती.

लायलनं जवळचे सगळे डॉलर पुढे ढकलले. मी वाटलं. मला राणी. त्याला दश्शी आणि छक्की. दोन पत्त्यांचे सोळा.

मी कोपरा उचलला. खाली छक्की होती. माझेही सोळाच.

तो थांबला आणि मी पत्ता घेऊन मेले, तर तो दुसऱ्यांदा सोळावर जिंकणार होता, आणि मग पुस्तक कुणी ऐकून घेणार नव्हतं. पुस्तक पत्ता माग म्हणत होतं. पण आत्ताच थांबून जिंकलेल्या माणसाला पुन्हा थांबावंसं वाटतं, हे मी वर्षानुवर्षं बघत आले होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, माग, लायल, माग. मी पापणी हलू दिली नाही. श्वाससुद्धा नाकातल्या नाकात घेतला. त्यानं वर माझ्याकडे बघू नये, एवढीच मी देवाची करुणा भाकत होते.

त्यानं वर पाहिलं नाही. ओठ हलत होते, बटाट्याच्या बशा सारून म्हणायचा तसेच. पत्त्यांची कड कापडावर खरवडली.

नव्वी. पंचवीस. मेला.

मी माझी छक्की उलटून दाखवली. ती नव्वी माझ्याकडे आली असती तर मी मेले असते, आणि समोरचे सगळे डॉलर दुप्पट होऊन त्याच्याकडे गेले असते. प्रुइटनी हिशेब लावला. माझ्या मागे लवंग चावल्याचा आवाज झाला आणि ते हसले, पहिल्यांदाच.

"इशाऱ्यावर खेळणारा माणूस असा मरत नाही," ते म्हणाले. दारातली दोघं निघून गेली. "पोरा, तुला कॉफी सांगतो. असाच खेळत जा."

खांद्यावर टिचकी पडली. मी तळवे वाजवले, उलटसुलट दाखवले. बोटं मिटून पाहिली. मिटत होती.

घरी लायल पुस्तक पुढ्यात घेऊन बसला होता.

"मी बरोबर खेळलो, नेवा. दोन्ही वेळा."

"हो."

"तुझ्याकडे छक्की आहे, तुला माहीत होतं?"

"होतं."

तो माझा चेहरा निरखू लागला, जणू तिथे अजून काही लिहिलेलं आहे. मग पुस्तक मिटून म्हणाला, "तिथे थांबलो असतो तर?"

मी बशा धुवायला उठले.

त्या आठवड्यात आमच्या क्लबाच्या सिगारेटच्या काउंटरवर तेच पुस्तक विकायला आलं, एक-दोन नाही, चांगली चळत. प्रुइटनीच मागवली होती. येणारा-जाणारा घेऊन खिशात घाली, जिंकायच्या भरवशावर टेबलावर बसे आणि क्लबचाच गल्ला भरे. लायल पुन्हा कधी खेळला नाही. मी मात्र आणखी पुष्कळ वर्षं वाटत राहिले. समोरच्याचे सोळा झाले आणि तो मनाशी काही पुटपुटू लागला, की माझी मान ताठ होई आणि लवंगेचा वास येई, प्रुइट गावाबाहेरच्या दफनभूमीत जाऊन पडले त्यानंतरही.