आठ हजार पावलं

आमच्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, त्याला आता वर्ष होत आलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऊन असो, पाऊस असो, थंडी असो, बागेत रोज चालायचं. ह्यांच्या आळसावर माझा पूर्ण विश्वास, म्हणून पावलं मोजणारं घड्याळ घेतलं. हे चालले की आकडा माझ्या फोनवर. मी दुकानात कपडे अल्टर करत बसते, एक डोळा सुईवर, एक फोनवर. आठ हजार झाले की जीव भांड्यात पडतो.

आकडे मीच डॉक्टरांना दाखवले. तेही खूश झाले आणि पावसाळ्यात एक गोळी अर्धी केली. आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

आज आकडा चारशे बारावर अडकला. साडेआठलाही चारशे बारा, नऊलाही. फोन लावला, उचलेनात. गिऱ्हाइकाचा कोट मशीनवर तसाच टाकून, गळ्यात टेप घेऊन मी बागेकडे पळत सुटले. वाटेत नको नको ते मनात येत होतं.

हे बाकावर बसले होते. धडधाकट!

"अहो, फोन का नाही उचलला? माझा जीव गेला असता!"

हे घड्याळाकडे बघत राहिले. "पोस्टमन आज आला नाही. ताप आहे म्हणे."

पोस्टमन म्हणजे ह्यांचा बागेतला मित्र, रिटायर झाला तरी सशासारखा पळणारा.

"त्याचा इथे काय संबंध?"

"घड्याळ तो घालतो," हे हळूच म्हणाले. "जन्मभर लोकांची पत्रं पोचवली, आता तुझी पावलं पोचवतो, म्हणतो."

मला आधी हसूच आलं. मग कळलं.

"आणि तुम्ही?"

"अर्धी फेरी झाली की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. मग बसून राहतो."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"मला का नाही सांगितलं?"

"अगं, आठ हजार झाले की तू संध्याकाळी गुणगुणत घरी यायचीस. ऑपरेशननंतर किती दिवसांनी ऐकलं होतं ते."

मला रागवायचं होतं, पण कोणावर? पोस्टमनच्या पायांवर ह्यांची गोळी अर्धी झाली होती, आणि ती मी करवून घेतली होती.

"उठा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचं."

टॅक्सी फक्त फाटकापर्यंत येते. फाटक समोरच दिसत होतं. मी हात पुढे केला. ह्यांनी तो धरला, पण उठले नाहीत.

"तेवढंही एका दमात नाही जमत गं," हे म्हणाले. "मध्ये दोनदा थांबू."