दांडीची कचऱ्याची होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. तारापूरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर बोंबील सुकत घालतात ना, त्या बांबूंच्या शेजारी माझी जागा.

मी जन्मले तेव्हा माझे मालक शांताराम आणि जमना यांचं नुकतंच लग्न झालं होतं. सुताराने सागाच्या फळ्या जोडल्या, फटींत कापूस ठासला, वरून राळ फासली. जमनाने हळदकुंकू लावून नारळ फोडला. मला इंजिन नव्हतं. दोन वल्ही आणि शांतारामचे दंड, एवढ्याच बळावर मी खाडीच्या तोंडापर्यंत जात असे. कोळंबी, बोय, खेकडे असं जे मिळेल ते पोटात घालून परतायचं. किनाऱ्यावर जमना टोपली घेऊन उभीच असायची.

पुढे जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिक येऊ लागलं, इतरांनी फेकलेली फाटकी जाळीही येऊ लागली. एकदा अशाच जाळ्यात गुरफटून मेलेलं कासव किनाऱ्याला लागलं. जमना कितीतरी वेळ त्याच्यापाशी बसून राहिली. मग म्हणाली, "आवो, आजपासून जे फाटकं गावंल ते घरी आनायचं. परत पान्यात नाय टाकायचं."

शांतारामने ते मनावर घेतलं. जाताना मी रिकामी असे, येताना चिखलाने माखलेल्या जाळ्यांनी भरलेली. मोठ्या इंजिनाच्या बोटीवरून गावातला कुंदन ओरडायचा, "काका, आज म्हावरा नाय, कचराच का?" सगळे हसायचे. माझं नावच 'कचऱ्याची होडी' पडलं. खरं सांगते, मला त्या वासाची लाज वाटायची.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. कुंदनची बोट खडकांजवळ अचानक बंद पडली. तिच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकलं होतं आणि लाटा तिला खडकाकडे ढकलत होत्या. इंजिनाची दुसरी बोट तिथे न्यायला कुणी धजेना, तिचाही पंखा अडकला तर? मला पंखाच नव्हता! शांतारामने मला तिकडे वळवलं. दोनदा मी पाण्याने अर्धी भरले, माझी एक फळी तडकली. शांताराम पाण्यात उतरला आणि कोयत्याने जाळं कापू लागला. शेवटी इंजिन धडधडलं. कुंदन आणि त्याचे दोन्ही खलाशी वाचले.

कापलेलं जाळं निळं होतं, लाल दोऱ्याने शिवलेलं. शांतारामने ते पाहिलं, कुंदनकडे पाहिलं आणि ते माझ्यात टाकलं.

वर्षं गेली. शांतारामचे गुडघे धरले आणि मी वाळूवर पडून राहिले. उन्हाने भेगा पडल्या. माझ्या पोटात कोंबड्या अंडी घालू लागल्या. तडकलेली फळी कुणी बदलली नाही. एक दिवस बोईसरहून लाकडाचा व्यापारी आला. त्याने मला ठोकून पाहिलं. "लकड़ी अच्छी है, काका. परसों टेम्पो लाता हूँ." शांतारामने होकाराची मान हलवली. जमनाने तोंड फिरवलं. म्हणजे आता मला तोडणार होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाळूवरच मांडव पडला. गावासाठी आणि निसर्गासाठी झटणाऱ्यांचा ग्रामपंचायत सत्कार करणार होती. खाडीकाठी तिवरांची रोपं लावणारी प्रतीक्षा होती, अडलेल्या रुग्णांना फुकट दवाखान्यात पोचवणारा रिक्षावाला सुजित होता. शेवटी सरपंच हिमानीताईंनी शांताराम आणि जमनाचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. शाल, नारळ, सन्मानचिन्ह मिळालं. शांतारामला बोलायला सांगितलं, पण त्याने माईक जमनाच्या हातात दिला. ती म्हणाली,

"ताई, आमी काय केलं? समदं वजं त्या होडीनं वायलं. आनि उद्या तिला तोडायला नेनार हायेत. शाल घेताना बरं नाय वाटत."

मागून कुंदन उठला.

"काका, त्या दिशी पंख्यात अडकलेलं जाळं माजंच व्हतं. मीच फेकलेलं. तुमी वळखलं व्हतं ना?"

"वळखलं व्हतं," शांताराम म्हणाला. "पन तवा तुला घरी पोचवनं मोटं व्हतं, पोरा."

कुंदनने डोळे पुसले. "मंग होडी नाय जायाची. तिच्या दुरुस्तीचं काम मी करीन."

हिमानीताईंनी तिथेच सांगितलं, की फाटकी जाळी जमा करायला पंचायत धक्क्यावर जागा देईल.

सकाळी टेम्पो आला. कुंदनने व्यापाऱ्याला चहा पाजला आणि टेम्पो रिकामाच परत पाठवला. त्याची घरघर तारापूरच्या रस्त्याला लागून विरली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, पाण्यात फेकलेलं काही नाहीसं होत नाही. ते कुणाच्या तरी वाटेत जाऊन थांबतं, कधी कासवाच्या, कधी आपल्याच. म्हणून फाटकं ते किनाऱ्यावर आणा. आणि एखादी वस्तू जुनी झाली, तर मोडीत काढण्याआधी तिला दुरुस्त करून बघा.

मला नवी फळी बसली, कापूस भरला, राळ लागली. भरतीच्या वेळी कुंदनने मला पाण्यात लोटलं. शांताराम आधाराने आत बसला आणि त्याने माझ्या तळावर हात फिरवला. फटींतून पाणी शिरलं असेल का, म्हणून मी घाबरून गेले होते. त्याने तळवा उलटसुलट करून पाहिला आणि किनाऱ्याकडे वळून ओरडला,

"जमना, सुकी हाय गो! थेंब नाय आत!"